वैनगंगेच्या पलीकडं दारूबंदी

माझा धाकटा भाऊ आपल्या सतरा वर्षांच्या पोरीला माझ्याकडं सोडायला आला, तेव्हा चप्पल काढायच्या आधीच दारात उभं राहून म्हणाला, "बाई, तुमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे ना. मंग इथीच राहू दे हिले. भेटणारच नाई तं पेईन कुठून?"

आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जंगलाकाठच्या गावात नर्स आहे, उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये एकटी राहते. भाऊ घुग्घुसला, कोळशाच्या खाणीत. आमच्या दोन घरांच्या मधे वैनगंगा. नदीच्या त्याच्या बाजूला काही वर्षं बंदी होती, मग उठली, आता दुकानं उघडी आहेत. माझ्या बाजूची बंदी जुनीच. एवढ्याच गोष्टीवर भावानं आणि वहिनीनं अक्कल लढवली होती की एसटीनं पूल ओलांडला की पोरीची सवय मागच्या काठावर राहील. जणू पुलावर कुणी चाळणी बसवून ठेवली आहे.

आज हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा गेली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा मीही मान हलवली आणि म्हटलं, राहू दे.

झालं होतं ते असं. दिवाळीच्या आधीची चाचणी होती. फिजिक्सचा पेपर सुरू असताना पोरगी बाकावर डोकं ठेवून झोपली. मॅडमनी हलवलं तर नीट उठेना. मॅडमनी तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि बाटली तशीच नेऊन प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. भावाला ड्युटीवरून बोलावून घेतलं. तो खाणीतल्या कपड्यांवरच कॉलेजात गेला. प्राचार्यांनी पोरीला विचारलं, का प्यालीस? ती म्हणाली, "सर, टेंशन होतं."

भावानं तिथंच, सगळ्या स्टाफसमोर, तिच्या कानाखाली वाजवली. म्हणाला, "पोरीच्या जातीले कायचं टेंशन?"

हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं, आणि बापानं कसा वेळेवर हात उचलला म्हणून कौतुकानं सांगितलं.

आता टेंशन हा शब्द आमच्याकडं कुणाच्या मालकीचा आहे, ते ऐका. माणूस पिऊन नालीत पडला तरी त्याची बायको म्हणते, टेंशनमध्ये घेते बिचारा. ड्युटीचं टेंशन, साहेबाचं टेंशन, सोयाबीनच्या भावाचं टेंशन, पोरीचं लग्न जमत नाही म्हणून टेंशन आणि जमलं म्हणूनही टेंशन. बाप्या माणसाला टेंशन आलं की ग्लास लागतो, हे आम्ही चहाला साखर लागते तसं मान्य केलेलं आहे. बाईला टेंशन आलं तर ती डोकं दुखतं म्हणते आणि बाम चोळते. पोरीला आलं तर ती नाटकं करते. तिला औषध नाही, सवलत नाही, साधा शब्दसुद्धा नाही. शब्द वापरला तर थोबाडीत.

त्या रविवारी मी घुग्घुसला गेले. घरात भाऊ, वहिनी आणि वहिनीचा भाऊ असे तिघं पोरीचा मोबाईल घेऊन बसले होते. ते पोरगा शोधत होते. पोरगी प्याली म्हणजे तिला पाजणारा पोरगा असणारच, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. वहिनीच्या भावानं मेसेज उघडले, फोटो उघडले, पुसलेले फोटोही उघडले. फिजिक्सचे व्हिडिओ निघाले, गल्लीतल्या एका मांजरीचे चाळीसेक फोटो निघाले, वर्गातल्या पोरींचा ग्रुप निघाला. पोरगा निघाला नाही. तिघांचेही चेहरे उतरले. पोरगा सापडला असता तर सोपं होतं. त्याला मारता आलं असतं, त्याच्या बापाच्या दारात जाता आलं असतं, आपली पोरगी भोळी आहे म्हणता आलं असतं.

"मंग शिकवलं कोणी हिले?" वहिनीचा भाऊ म्हणाला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मला उत्तर माहीत होतं. उत्तर समोर होतं, स्वयंपाकखोलीच्या फळीवर, पालथं घातलेलं. मी गप्प बसले.

ते उत्तर म्हणजे एक काचेचा ग्लास. घुग्घुसच्या बाजूला बंदी आली तेव्हा पोरगी चौथीत होती. त्याआधी भाऊ बाहेर बसून प्यायचा. बंदी आली तशी दारू घरात आली. वर्धा नदीच्या पलीकडं दुसरा जिल्हा, तिकडून तो बाटली आणायचा आणि दार लावून बसायचा. वहिनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं की मी तुमच्या त्या बाटलीले हात लावणार नाई. बरं केलं तिनं. पण मग ग्लास आणायचं, भरायचं, पाणी घालायचं आणि नंतर धुऊन फळीवर ठेवायचं काम कुणाकडं आलं? घरात तिसरं माणूस एकच होतं. पोरगी ग्लासाला बाहेरून दोन बोटं आडवी लावायची आणि त्यांच्या वरच्या कडेपर्यंत भरायची. बंदी उठली, दुकानं उघडली, पण बापाची घरातली बैठक काही उठली नाही, आणि पोरीचं कामही सुटलं नाही. भाऊ पाहुण्यांना सांगायचा, "माह्या पोरीचा हात बसला आहे. दोन बोटं म्हणजे दोनच बोटं. थेंब इकडचा तिकडं नाई."

मीही तिथं पाहुणी म्हणून बसलेली आहे. पोरीचा वाढदिवस होता. तिनं बापाचा ग्लास भरला, सगळे हसले आणि मी, सरकारी नर्स, शाळाशाळांत जाऊन व्यसनमुक्तीची भाषणं देणारी, मी म्हणाले, "चांगलं आहे, डॉक्टर होईल तेव्हा इंजेक्शन बरोबर भरील." हे माझं वाक्य आहे. ते मला कुणाच्या माथी मारता येत नाही.

तर अशी ती माझ्याकडं आली. आणि मी काय केलं? पहारा बसवला. खोकल्याच्या औषधाचं कपाट कुलपात घातलं, किल्ली कमरेला. ती बाहेरून आली की जवळ बोलवायचं आणि काहीतरी विचारल्यासारखं करून तोंडाचा वास घ्यायचा. भाषणाला जाताना मी एक पोस्टर नेते. त्यात नालीत पडलेला नवरा आहे, रडणारी बायको आहे, दोन पोरं आहेत. ते पोस्टर मी इतकी वर्षं पोरींच्या शाळेत टांगलं आणि त्यांना सांगितलं, बापाला समजवा, भावाला समजवा, पुढं नवऱ्याला समजवा. समोर बसलेल्या पोरींपैकी कुणी स्वतः पीत असेल, हे एकदाही डोक्यात आलं नाही. त्या पोस्टरात पोरीला जागाच नव्हती.

आठवडा झाला असेल. दुपारी ती किराणा घेऊन आली. मी नेहमीसारखी जवळ गेले. ती हलली नाही. तोंड उघडून माझ्यापुढं धरलं, दवाखान्यात घसा दाखवतात तसं.

"घे वास," ती म्हणाली. "आत्या, तुह्या क्वार्टरच्या मागं तिसऱ्या घरी मोहाची भेटते. मले येऊन चार दिवस झाले तवाच समजलं. बंदी आहे म्हणून थोडी महाग आहे, एवढंच. मी गेली नाई."

मी खाली बसले.

"मॅडमनं बाटली पाह्यली," ती म्हणाली. "मामानं मोबाईल पाह्यला. तू तोंड पाहून राह्यली. एकट्या सरांनी विचारलं काऊन, तं बाबानं मारलं. तू तं विचारलंसुद्धा नाई."

हे खरं होतं. मी नर्स, पोटात दुखतं म्हणून आलेल्या बाईला दहा प्रश्न विचारते. कधीपासून, कुठं, जेवल्यावर की जेवायच्या आधी. सख्ख्या भाचीला एकही विचारला नव्हता. मग विचारला. उशीर झाला होता, पण विचारला, आणि ती निवडायला घेतलेल्या तुरीच्या शेंगा सोलत सोलत सांगत गेली.

दहावीला तिला चांगले मार्क पडले होते. वस्तीत आनंदीआनंद. विहारात सत्कार झाला, शाल मिळाली, भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवून तीन जणांनी सांगितलं की आता तुझ्यावर जबाबदारी आहे. आमच्या घरात शिक्षणाची किंमत मोठी आहे, आमच्या आधीच्या पिढ्यांनी ते कशातून मिळवलं ते मला माहीत आहे, म्हणून त्या तिघांना मी दोष देत नाही. पण मग चौकात फ्लेक्स लागला. त्यावर पोरीचा फोटो, फोटोवाल्यानं चांगला गोरा करून काढलेला, आणि खाली मोठ्या अक्षरात 'भावी डॉक्टर'. तो फ्लेक्स कुणी उतरवलाच नाही. दोन पावसाळे गेले, कोळशाची धूळ बसून फोटो काळा पडला, पण अक्षरं वाचता येत होती. कॉलेजात जायचा रस्ता त्याच्याच खालून.

अकरावीत फिजिक्स जाईना. एका चाचणीत फारच कमी पडले. वर्गातल्या पोरींनी फ्लेक्सचा फोटो काढला, त्याचं स्टिकर केलं आणि ग्रुपवर फिरवलं. ही काही बोलली की स्टिकर. मार्क लागले की स्टिकर. सणाला साडी नेसून फोटो टाकला तर खाली एकीनं लिहिलं, 'फ्लेक्सवर तर गोरी होतीस.' ग्रुप सोडला तर एकटी पडते, नाही सोडला तर हे.

"मंग झोपच येणं बंद झाली," ती म्हणाली. "छातीत धडधड होये. आईले सांगितलं तं आई म्हणे मोबाईल पाहणं बंद कर. बाबाले सांगितलं तं म्हणे अभ्यास केला असता तं झोप लागली असती."

"मग?"

"मंग एक दिवस बाबाचा ग्लास भरून देल्ला. बाबा रोज म्हणते ना, दोन घोट गेले की टेंशन उतरते. आतमधी येऊन मी माह्यासाठी अर्धं बोट भरलं." तिनं शेंगेतले दाणे ताटात टाकले. "त्या दिवशी झोपली, आत्या. लई दिवसांनी."

अर्ध्या बोटाचं एक बोट झालं, मग दोन झाली. बापाच्या बाटलीत ती तेवढं पाणी घालून ठेवायची. बापाला कधी कळलं नाही. पुढं पुढं अभ्यासाला बसायच्या आधी, मग कॉलेजात जायच्या आधी. बापानं रोज सांगितलेलं औषध पोरीनं घेतलं, आणि आता तिला विचारत होते की शिकवलं कोणी. आडात आहे तेच पोहऱ्यात येणार.

मी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. त्यांनी बाटलीचं नाव काढलं नाही, मार्क विचारले नाहीत. पहिला प्रश्न केला, "तुला झोप येते का?" पोरगी एवढी रडली की बाहेर रांगेत बसलेल्या बायका आत डोकावल्या. बाईंनी तिला रडू दिलं. मग थोडी औषधं दिली, पंधरा दिवसांनी परत बोलावलं आणि मला बाहेर बसायला सांगून तासभर तिच्याशी बोलल्या. आम्ही नेमानं जात राहिलो. एकदम काही बदललं नाही. पण महिन्या-दीड महिन्यानं ती सकाळी उठून स्वतःहून पुस्तक घेऊन ओट्यावर बसायला लागली, आणि तिला बारावी द्यायची होती. डॉक्टर नाही व्हायचं, म्हणाली, पण बारावी द्यायची. हे तिचं ठरलं होतं.

वहिनीला फोन करून मी हे सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "बाई, वेड्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हणून कोणाले सांगू नका. उद्या पाहुणे येतीन तं काय सांगू?" पोरगी पीत होती ते झाकायचं, झोपत नव्हती तेही झाकायचं, आता बरी होत होती तर तेही झाकायचं. झाकण्यातच यांचा जन्म जाणार.

आणि पाहुणे खरंच आले. फेब्रुवारीत, बारावीच्या पेपरला आठ दिवस असताना, भाऊ संध्याकाळच्या गाडीनं पोरीला न्यायला आला. वरोऱ्याचं स्थळ होतं, पोरगा नोकरीवर होता, रविवारी पाहायला येणार होते.

"पेपर?" मी विचारलं.

"पेपरचं काय करते? बाहेर कोणाले काई माहीत नाई तोवर उरकून टाकू. लग्न झालं की टेंशन-फिंशन सारं जाते."

"तिचं हॉल तिकीट कुठं आहे?"

त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. कॉलेजातून त्यानं ते स्वतः जाऊन आणलं होतं. "माह्यापाशी आहे. मी देईन तवाच देईन," म्हणाला.

पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. मी भावाला जे बोलायचं ते बोलले. त्याचा ग्लास, त्याची दोन बोटं, माझं ते इंजेक्शनचं वाक्य, सगळं काढलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मोठ्या बहिणीपुढं तो उलट बोलत नाही, पण ऐकतही नाही, लहानपणापासून तसाच. माझं बोलून संपलं तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यानं पिशवीतून कोल्ड्रिंकची बाटली काढली. आतलं कोल्ड्रिंक नव्हतं. वैनगंगेच्या पुलावरून, आपल्या त्या चाळणीतून, त्यानं ती व्यवस्थित आणली होती. आणि पोरीकडं न बघताच म्हणाला, "बेटा, ग्लास आण."

त्यानं हे मुद्दाम केलं नाही. खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून गेलं. मला राग आला तो त्या सवयीचाच. ज्या गोष्टीसाठी पोरीला हद्दपार केलं, तीच गोष्ट करायला तिला हाक मारली, आणि यात काही चुकलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मी उठायला लागले. पोरीनं हातानंच मला बस म्हटलं.

ती आत गेली, ग्लास घेऊन आली, बापाच्या समोर चौरंगावर ठेवला आणि त्याच्यापुढं सतरंजीवर मांडी घालून बसली. हात मांडीत.

"भर," भाऊ म्हणाला.

"आज तुमीच भरा, बाबा."

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. ती चिडलेली नव्हती. त्या डॉक्टर बाईंनी तिला जसं विचारलं होतं, अगदी तसंच तिनं विचारलं, "बाबा, तुमाले झोप येते का?"

त्यानं बोलायचं टाळायला म्हणून बाटली उचलली आणि ग्लासात ओतायला लागला. ग्लासाला बोटं लावायची असतात हे त्याला आठवलं, पण एका हातात बाटली, दुसऱ्या हातात झाकण, बोटं लावणार कुठून. अर्ध्याच्या वर भरला, थोडी सतरंजीवर सांडली, आणि सवयीनं त्यानं बरोबर झालं का म्हणून पोरीकडं बघितलं. दोन बोटं म्हणजे किती, हे त्याचं त्याला माहीतच नव्हतं.

ती दारू तो प्याला की नाही, ते मी पाहिलं नाही. पोरीला घेऊन मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

सकाळी उठले तर भाऊ पहिल्या गाडीनं निघून गेला होता. न सांगता. चौरंगावर हॉल तिकीट होतं आणि ते उडू नये म्हणून त्यावर रात्रीचा ग्लास ठेवलेला होता. चिठ्ठी नाही, माफी नाही, येतो म्हणून शब्द नाही. ग्लास विसळलासुद्धा नव्हता.

पोरीनं तिकीट काढून घेतलं, आपलं नाव नीट आहे का पाहिलं, आणि ग्लास उचलून मोरीकडं निघाली.

"ठेव तो खाली," मी म्हटलं. "फिजिक्स काढ."